औद्योगिक पट्ट्यातील किशोरवयीनांचे आत्मचित्रण आणि इतिहासाची साधने : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराच्या संदर्भात

बीजसंज्ञा : किशोरवय, आत्मप्रतिमा, समाजमाध्यमे, औद्योगिकीकरण, इतिहासाची साधने, पिंपरी-चिंचवड, चाकण.

प्रस्तावना

इतिहासलेखनात किशोरवयीन मुलामुलींना स्वतंत्र स्थान क्वचितच लाभले आहे. राजकीय इतिहासात ती अनुयायी म्हणून येतात, शैक्षणिक इतिहासात पटसंख्या म्हणून, तर कामगार चळवळीच्या इतिहासात 'कामगारांची कुटुंबे' या दोन शब्दांत त्यांचा समावेश होऊन जातो. या वयातील मुलांनी स्वतःविषयी काय सांगितले, कोणत्या साधनाने सांगितले आणि ते सांगितलेले पुढे कोठे गेले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांनी फारसा विचारलेला नाही. समाजमाध्यमांचा प्रसार झाल्यानंतर मानसशास्त्र व समाजशास्त्र या विषयांत किशोरवयीनांच्या आत्मप्रतिमेची चर्चा वाढली. तथापि तिचा भर परिणामांवर राहिला. मुले बिघडतात काय, अभ्यास मागे पडतो काय, या चिंतेभोवतीच ती फिरते.

प्रस्तुत निबंधात हाच विषय साधनांच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी निवडलेला प्रदेश म्हणजे पिंपरी-चिंचवड ते चाकण हा औद्योगिक पट्टा. साठ-सत्तर वर्षांत गावांचे नगर आणि नगराचे महानगर झालेल्या या भागात माध्यमेही तितक्याच वेगाने बदलली. या पट्ट्यातील मुलांनी स्वतः रेखाटलेले आपले चित्र अल्पायुषी ठरत आले आणि इतरांनी रेखाटलेले त्यांचे चित्र टिकत आले, असे येथील साधने पाहता म्हणावे लागते. उद्याचा अभ्यासक जे टिकले त्यावरूनच या पिढीला ओळखणार असल्याने हा प्रश्न केवळ माध्यमांचा उरत नाही.

चिंचवडचा जुना दाखला

या परिसरातील तरुणाने स्वतःविषयी लिहिलेला सर्वांत प्रसिद्ध मजकूर कारखानदारीच्या कितीतरी आधीचा आहे. चिंचवडच्या दामोदर हरी चापेकर यांनी २२ जून १८९७ रोजीच्या रँडवधानंतर कैदेत असताना आत्मवृत्त लिहिले. त्या वेळी त्यांचे वय २८ होते. परंतु आत्मवृत्ताचा पुष्कळसा भाग त्यांच्या किशोरवयाचा व नवतारुण्याचा आहे. वडिलांबरोबर कीर्तनासाठी केलेली भटकंती, मुले जमवून चालविलेला व्यायाम व कवायत, सुधारकांविषयीचा राग आणि सैन्यात शिरण्याची धडपड अशा गोष्टी त्यात येतात. आपण कोण आहोत आणि आपल्याला कसे ओळखले जावे, हे सांगण्याची त्यातील निकड आजच्या वाचकालाही जाणवते.

हा मजकूर अभ्यासकांच्या हाती कसा आला, हे येथे अधिक महत्त्वाचे आहे. तो कोणा नातलगाच्या पेटीत किंवा वाचनालयाच्या कपाटात राहिला नव्हता. पोलिसांना त्याची गरज होती म्हणून पोलिसांच्या दप्तरात तो इंग्रजी भाषांतराच्या रूपाने जतन झाला आणि पुढे स्वातंत्र्य चळवळीच्या साधनग्रंथातून प्रकाशात आला. धाकटे बंधू वासुदेव यांना ८ मे १८९९ रोजी फाशी झाली, तेव्हा त्यांनी विशीही ओलांडली नव्हती. त्यांच्याविषयी जे कळते ते मुख्यतः खटल्याच्या कागदांतून. एकाच घरातील दोन भावांपैकी एकाचे स्वतःचे म्हणणे राहिले आणि दुसऱ्याविषयीचे इतरांचे म्हणणे राहिले. दोन्हींचा राखणदार मात्र पोलिस खाते होते. शतकभरानंतरच्या परिस्थितीकडे पाहताना हा दाखला ध्यानी ठेवावा लागतो.

'गुणवंत पाल्य'

१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील औषधनिर्मितीचा कारखाना स्थापन झाला. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत पिंपरीत होतीच. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर या परिसरातील जमिनींचे मोठ्या प्रमाणावर संपादन झाले. टेल्को, बजाज यांसारखे उद्योग आले. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ मध्ये महानगरपालिका असा प्रशासनाचा क्रम आहे. २००१ मध्ये सुमारे १० लाख असलेली शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १७ लाखांच्या पुढे गेली. या वाढीत सातारा-सोलापूरकडील, मराठवाड्यातील, खानदेश-विदर्भातील आणि पुढे उत्तर भारतातील कुटुंबांचा वाटा मोठा होता.

या नव्या वसाहतींत वाढणाऱ्या मुलांचे पहिले मुद्रित चित्र त्यांनी स्वतः काढलेले नव्हते. कारखान्यांच्या गृहपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, कामगार संघटनांचे फलक यांत दरवर्षी जून-जुलै महिन्यांत मुलांची छायाचित्रे झळकत. त्याखाली नाव, टक्केवारी आणि वडिलांचे खाते. शीर्षक ठरलेले असे : 'सभासदांचे गुणवंत पाल्य'. या छायाचित्रांतील मुलगा तेल लावून भांग पाडलेला, मुलगी दोन वेण्या घातलेली आणि दोघांच्याही चेहऱ्यावर छायाचित्रकाराने सांगितलेले गांभीर्य. 'पाल्य' हा शब्द येथे फार अर्थपूर्ण आहे. ज्याचे पालन होते तो पाल्य. त्याची ओळख पालकाच्या ओळखीतून सिद्ध होते. ज्यांना साठ टक्के मिळाले नाहीत ती मुले या साधनांत नाहीतच. १९८८-८९ मधील टेल्कोच्या कामगार संघर्षाविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या घरांतील दहावी-बारावीच्या मुलांनी ते वर्ष कसे पाहिले, हे मात्र फारसे वाचावयास मिळत नाही.

मुलांची स्वतःची साधने या काळात होती, पण ती घरगुती स्वरूपाची. शाळेचे हस्तलिखित, स्वाक्षऱ्यांची वही, नव्वदच्या दशकातील स्लॅमबुक, दिवाळीतील मातीचा किल्ला, गणेशोत्सवातील जिवंत देखाव्यातली भूमिका, रंगवलेल्या पडद्यासमोर मित्रांसह काढलेला स्टुडिओतील फोटो. यांपैकी किल्ला चार दिवसांत पावसाने किंवा पायांनी मोडे आणि स्लॅमबुक लग्नापूर्वी जाणीवपूर्वक नष्ट केले जाई. ही साधने कोणाला दाखवायची हे मुलांच्या हाती होते, आणि बहुधा म्हणूनच ती उरली नाहीत.

फ्लेक्सवरील शेवटची ओळ

शतक पालटताना डिजिटल फ्लेक्सची छपाई स्वस्त झाली आणि या पट्ट्यातील किशोरवयीन मुलगा प्रथमच सार्वजनिक चौकात मोठ्या आकारात दिसू लागला. वरच्या बाजूस नेत्याचे मोठे छायाचित्र, मध्ये वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि तळाशी 'शुभेच्छुक' या शब्दापुढे लहान लहान चेहऱ्यांची रांग. त्या रांगेत पंधरा-सोळा वर्षांची मुले गॉगल लावून, हात छातीवर बांधून उभी असत. फ्लेक्सला नागरी विद्रूपीकरण म्हणून नावे ठेवणे सोपे आहे आणि ते चुकीचेही नाही. परंतु 'गुणवंत पाल्य' आणि 'शुभेच्छुक' या दोन फलकांची तुलना केली, तर एक लक्षणीय स्थित्यंतर दिसते. पहिल्यात मुलगा वडिलांच्या नावाने ओळखला जातो, दुसऱ्यात तो मित्रमंडळाच्या नावाने. पहिल्यासाठी गुण लागत, दुसऱ्यासाठी वर्गणी पुरे. परीक्षेने ज्यांना फलकाबाहेर ठेवले त्यांना फ्लेक्सने आत घेतले. मुलींना मात्र या रांगेत जागा मिळाली नाही, ही बाब नोंदविणे आवश्यक आहे.

याच सुमारास चाकण परिसराचे रूप पालटत होते. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाच्या भोवती वाहन उद्योगाची दुसरी मोठी वसाहत उभी राहिली. २००९ मध्ये फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन झाले आणि मर्सिडीझ-बेंझही पिंपरीहून चाकणला आली. जमिनीचे पैसे काही घरांत एकदम आले. 'गुंठामंत्री' हा शब्द याच परिस्थितीची देणगी आहे. त्या शब्दातील उपहास शहरी आहे, हे विसरता येत नाही.

पडद्यावरचे गाव

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि अल्प काळात फोनवरील चित्रफीत गरीब घरांतील मुलांच्याही आवाक्यात आली. त्यानंतर टिकटॉक व २०२० पासून इन्स्टाग्रामवरील रील यांद्वारे या पट्ट्यातील मुलांनी स्वतःची जी चित्रे तयार केली, त्यांचे प्रमाण आधीच्या सर्व काळातील आत्मचित्रणापेक्षा निःसंशय अधिक आहे. या चित्रांत काय दिसते याइतकेच काय दिसत नाही हेही पाहावे लागते.

या चित्रफितींत बैल दिसतो, गड दिसतो, पालखी दिसते, जत्रा व ढोल-ताशा दिसतो, दुचाकी तर असतेच. ज्यामुळे हे शहर अस्तित्वात आले तो कारखाना मात्र क्वचितच दिसतो. दिसला तरी फाटकाबाहेरून, कंपनीच्या बसमधून किंवा गणवेशावरील ओळखपत्राच्या रूपाने. याचे एक कारण साधे आहे : कारखान्यात चित्रीकरणास मनाई असते. दुसरे कारण अधिक खोलवरचे वाटते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत 'टेल्कोत आहेत', 'बजाजमध्ये आहेत', 'एच.ए.त आहेत' हे घराचे आडनावच होते. लग्नाच्या बोलणीत, किराणा दुकानाच्या उधारीत, शाळेच्या प्रवेशात ते चाले. कंत्राटी कामाची पद्धत रूढ झाल्यावर वडिलांच्या ओळखपत्रावर मोठ्या कंपनीच्या नावाऐवजी ठेकेदाराचे नाव आले आणि तेही वर्षाला बदलू लागले. मिरवावे असे नावच कारखान्याने या घरांना दिले नाही. मुलांनी ते अन्यत्र शोधले.

ते नाव त्यांना गावात सापडले, परंतु हे गाव एक नाही. स्थानिक भूमिपुत्रांच्या मुलांचे गाव म्हणजे भोसरी, मोशी, चिखली, चऱ्होली, खेड-चाकणकडील वाड्या. ते गाव सोसायट्यांच्या इमारतींनी वेढलेले आहे, आणि घाटातील बैलगाडा शर्यत ही त्याची सर्वांत ठळक खूण. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना सशर्त अनुमती मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. योगायोग असा की, बंदीची ही वर्षे आणि स्मार्टफोनच्या प्रसाराची वर्षे एकच आहेत. घाट रिकामा होता पण गोठ्यात बैल होता. त्याला धुताना, चालवताना, त्याच्या शिंगांना हात लावून उभे राहताना मुलांनी स्वतःला चित्रित केले. ज्या पिढीने बारी धावताना जेमतेम पाहिली, तिने बैलगाड्याला आपली ओळख म्हणून सर्वाधिक मिरविले. यात केवळ हौस पाहणे पुरेसे होणार नाही. जमीन गेल्यानंतर शेतकरीपणाचा उरलेला एकमेव दृश्य पुरावा म्हणून बैलाकडे पाहिले, तर या चित्रांचा अर्थ उलगडतो.

दुसरे गाव स्थलांतरितांच्या मुलांचे. बीड, लातूर, नांदेड, बुलढाणा, जळगाव किंवा थेट बिहारमधील ते गाव मुलांच्या दृष्टीने सुट्टीतले असते. दिवाळीत एस.टी.तून जाताना काढलेली चित्रफीत, आजीचे घर, कापसाचे किंवा सोयाबीनचे शेत. वर्षाचे अकरा महिने ज्या खोलीत ही मुले राहतात, ती खोली पडद्यावर येत नाही. आली तर तिची एखादी रंगवलेली भिंत तेवढी. एका वर्गात, एका बाकावर बसणारे हे दोन विद्यार्थी दोन वेगळी गावे स्वतःची म्हणून दाखवतात आणि दोघेही ज्या शहरात प्रत्यक्ष राहतात त्याला दाखवीत नाहीत. औद्योगिक शहराने आपल्या मुलांना अद्याप स्वतःचे म्हणावे असे चित्र दिलेले नाही, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

गड-किल्ल्यांचे प्रेम हा या दोन गावांना जोडणारा दुवा आहे. चाकणला संग्रामदुर्ग आहे. १६६० मध्ये शाइस्ताखानाच्या प्रचंड सैन्यापुढे फिरंगोजी नरसाळा यांनी तो जवळपास दोन महिने झुंजविला. त्याच्या अवशेषांपासून कारखान्यांची वसाहत दूर नाही. दिवाळीत मातीचा किल्ला करणारा हात आता मावळातल्या गडावरील चित्रफीत करतो. नांदेडहून आलेला मुलगाही येथे परका राहत नाही. तीच गोष्ट वारीची. देहूहून निघालेली पालखी आकुर्डीत मुक्कामाला येते. कारखान्यांकडे जाणारा रस्ता त्या दिवशी वारीचा होतो आणि मुलांच्या चित्रफितींत पुणे-मुंबई महामार्ग दिसतो तो बहुधा याच निमित्ताने.

या चित्रांत आवाज अनेकदा उसना असतो, ही साधनचिकित्सेच्या दृष्टीने मोठी अडचण आहे. २०१८ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटाने जमीन विकून उद्ध्वस्त झालेल्या घरातील मुलाची गुन्हेगारीकडे झालेली वाटचाल दाखविली. चित्रपटाचा रोख इशाऱ्याचा होता. मुलांनी त्यातले संवाद उचलले ते रुबाबासाठी. ओठ हलवणारा मुलगा त्या संवादातील धमकी देत असतो, की नटाची नक्कल करीत असतो, की मित्रांना हसवीत असतो, हे पडद्यावरून ठरविता येत नाही. पोवाडा गाणाऱ्या शाहिराला कोणी अफजलखानाच्या वधाचा आरोपी मानीत नाही. रीलच्या बाबतीत मात्र हा विवेक सुटलेला दिसतो.

मुलींच्या आत्मचित्रणाची रीत वेगळी आहे. चेहरा न दाखवता मेंदीचा हात, पाठमोरी आकृती, वेणीतला गजरा. आडनाव नसलेले नाव. नातेवाइकांसाठी एक खाते आणि मैत्रिणींसाठी दुसरे. फोन अनेकदा भावाचा किंवा आईचा असतो आणि चित्रफीत पाठवून झाल्यावर पुसली जाते. या लपवण्यालाच आत्मचित्रण मानावे लागेल. घरात, गल्लीत आणि नात्यागोत्यात कोणाची नजर कोठवर पोचते, याचा इतका अचूक नकाशा दुसऱ्या कोणत्या साधनात मिळणे कठीण.

नाहीशी झालेली साधने

ऑर्कुट ही सेवा ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाली. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्या पिढीचे परस्परांविषयीचे लेखन तिच्याबरोबर गेले. ते नाहीसे होण्यापूर्वी उतरवून घेण्याची सोय होती. ज्यांचे संगणक स्वतःचे होते त्यांना तिचा लाभ झाला. टिकटॉकच्या बाबतीत तेवढीही सवड मिळाली नाही. गलवान येथील चकमकीनंतर २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अनुप्रयोगांवर बंदी घातली. देशाच्या सुरक्षिततेसाठी घेतलेल्या त्या निर्णयाची चर्चा येथे अभिप्रेत नाही. साधनांच्या दृष्टीने घडले ते असे की, देशातील सुमारे २० कोटी वापरकर्त्यांच्या चित्रफिती एकाएकी त्यांच्या स्वतःच्या नजरेआड झाल्या. टाळेबंदीचे दिवस होते. कारखाने बंद पडलेले, परप्रांतीय मजुरांची कुटुंबे गावाकडे निघालेली, मुले खोल्यांत अडकलेली. त्या तीन महिन्यांत चाकणच्या एखाद्या चाळीतील मुलाने स्वतःविषयी जे दाखविले असेल ते मिळण्याचा मार्ग आज उरलेला नाही. सरकारी आदेश, कारखान्यांचे उत्पादनाचे आकडे, रेल्वेच्या गाड्यांची संख्या हे सर्व मात्र उपलब्ध आहे.

पोलिस, वृत्तपत्र आणि खोटे आत्मचित्र

१५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडसाठी स्वतंत्र पोलिस आयुक्तालय सुरू झाले. त्यानंतरच्या वर्षांत, विशेषतः २०२२-२३ च्या सुमारास 'कोयता गँग' हा शब्द पुणे परिसरातील वृत्तपत्रांत रुळल्यावर, हत्यारासह काढलेली रील हा कारवाईचा विषय बनला. हत्यार मिरविणे हा गुन्हा आहे आणि कोयत्याने जखमी झालेल्या माणसाच्या दृष्टीने त्यात प्रतिमाविचाराला काही स्थान नाही. परंतु कारवाईबरोबर एक नवी दृश्यपद्धती रूढ झाली : पकडलेला तरुण हात जोडून कॅमेऱ्यासमोर माफी मागतो आणि ती चित्रफीत मूळ रीलपेक्षा अधिक पसरते. माध्यम तेच, चेहरा तोच, शब्द मात्र दुसऱ्याने दिलेले. वरवर पाहता हेही आत्मचित्रच आहे.

याही पुढची पायरी मे २०२४ मध्ये शेजारच्या पुण्यात दिसली. कल्याणीनगर येथील मोटार अपघातानंतर संशयित अल्पवयीन मुलाची म्हणून एक रॅप चित्रफीत सर्वत्र फिरली. ती त्याची नव्हती. तथापि ज्यांनी ती पाहिली त्यांच्या मनात मुलाचे चित्र पक्के झाले होते आणि खुलासा सर्वांपर्यंत पोचला नाही. अपघाताचे गांभीर्य त्यामुळे कमी होत नाही. मुलाने स्वतःचे काहीही न दाखवता त्याचे आत्मचित्र तयार होऊ शकते, एवढे मात्र त्यातून सिद्ध झाले.

कायद्याची भूमिका येथे विचारार्ह आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख प्रकट करण्यास मनाई आहे आणि कलम २४ नुसार, गंभीर स्वरूपाचे काही अपवाद वगळता, दोषसिद्धीची नोंद ठरावीक काळानंतर नष्ट करावयाची असते. म्हणजे ज्या दप्तराने चापेकरांचा मजकूर राखला, त्याच दप्तराने आजच्या अल्पवयीनाची नोंद पुसावी अशी अपेक्षा आहे. आणि ती योग्यच आहे. पण पसरलेली चित्रफीत या कलमाने पुसली जात नाही. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायद्याच्या भाषेत मुलगा पुन्हा 'पाल्य' झाला आहे.

महाविद्यालयांचे वार्षिकांक

किशोरवयीनांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या भाषेत लिहिलेले आणि छापून राहिलेले असे एक साधन या पट्ट्यात अद्याप आहे. ते म्हणजे महाविद्यालयांची वार्षिक नियतकालिके. कनिष्ठ महाविद्यालयातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या कविता, 'माझे गाव' छापाचे लेख, सहलीची वर्णने, प्राध्यापकांनी शुद्धलेखन सुधारून घेतलेल्या कथा यांत असतात. या लेखनाला वाङ्मयीन मूल्य बेताचेच असते आणि संपादकीय हात त्यावरून फिरलेला असतो, हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. वडिलांच्या पाळ्या, ओव्हरटाइम, ले-ऑफ, भाड्याची खोली, आईचे डबे करून देणे या गोष्टी रीलमध्ये येत नाहीत, त्या येथे येतात. मित्रांच्या नजरेसमोर जे दाखवता येत नाही ते निबंधाच्या वहीत लिहिता येते.

या अंकांची व्यवस्था मात्र कोणाची नाही. ग्रंथालयाच्या दृष्टीने ते ग्रंथ नव्हेत, म्हणून अनेक ठिकाणी त्यांची दाखल नोंद होत नाही. नियमित नियतकालिके नव्हेत, म्हणून बांधणीही होत नाही. विद्यापीठाच्या वार्षिकांक स्पर्धेसाठी काही प्रती जातात, काही मूल्यांकन समितीच्या भेटीच्या वेळी टेबलावर मांडल्या जातात, आणि उरलेले गठ्ठे जिन्याखालच्या खोलीत असतात. दर काही वर्षांनी रंगकामाच्या वेळी ती खोली रिकामी केली जाते.